आर्यनला गाडी लाव!

मंडळी, एक सोप्पा प्रश्न. शनिवारची संध्याकाळ आहे, तुळशीबागेत जायचंय, लक्ष्मी रोडवर मुंगी शिरायला जागा नाही आणि तुमच्याकडे स्कूटर आहे. ती कुठे लावणार? पुण्यात चार-पाच वर्षं काढली असतील तर उत्तर एका दमात येईल. ‘मंडईत. आर्यनला टाकू, नाहीतर मिनर्व्हाला.’ गणपतीत तर ही दोन नावं इतक्या वेळा कानावर पडतात, की देखाव्यांच्या यादीतच आहेत की काय असं वाटावं.

आता प्रश्न नंबर दोन. हा आर्यन कोण?

गेल्या आठवड्यात मी हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर टाकला. सगळे पंचविशी-तिशीतले, हिंजवडी-खराडी पब्लिक, पगार बरे, जनरल नॉलेज त्याहून बरं. उत्तरं काय आली? ‘पार्किंगच्या कॉन्ट्रॅक्टरचा मुलगा असेल.’ ‘अगं, कुठलं तरी तरुण मंडळ असणार.’ एकजण म्हणाला, ‘जुनं साड्यांचं दुकान होतं ना?’ हे इतक्या कॉन्फिडन्सनं म्हणाला, की क्षणभर मलाही खरं वाटलं.

आर्यन हे थिएटर होतं. आणि मिनर्व्हा हेही थिएटरच. मंडईतली ही दोन्ही थिएटरं पाडली गेली, त्यांच्या जागेवर वाहनतळ आले आणि नावं तेवढी लोकांच्या तोंडात राहिली. महापालिकेनं वाहनतळांना रीतसर नावं दिलीत हो, पण ती फक्त पाटीवर. पावती फाडणाऱ्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे म्हणतात ते आर्यन आणि मिनर्व्हाच. इमारत नाही, पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, पण नावाचा खेळ हाऊसफुल्ल! या दोघांपैकी आज आर्यनबद्दल बोलू. कारण ते साधंसुधं थिएटर नव्हतं. पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी सिनेमागृह म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. गंगाधरपंत पाठकांनी ते सुरू केलं १९१५ साली.

१९१५. जरा हिशेब करा. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनला लागला ३ मे १९१३ रोजी. म्हणजे आपला पिक्चर जेमतेम दोन वर्षांचा होता, अजून रांगत होता म्हणा ना, आणि पुण्यात एका माणसानं त्याच्यासाठी पक्कं घर बांधून टाकलं. त्याआधी सिनेमा म्हणजे तंबूतला मामला. जत्रा असेल, मोकळं मैदान असेल, तिथे राहुटी ठोकायची, चार दिवस खेळ करायचे आणि बाडबिस्तरा गुंडाळून पुढच्या गावाला. पैसा लावायचा तर नाटकात, कारण पुणं नाटकवेडं. संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ, बालगंधर्वांच्या नावावर गर्दी लोटायची. अशा गावात, जिथे लोक रात्र रात्र पदं ऐकायला बसतात, तिथे तोंडातून चकार शब्द न काढणाऱ्या चित्रांवर भांडवल लावायचं! आजच्या भाषेत याला हाय रिस्क स्टार्टअप म्हणतात. आणि फंडिंगसाठी कुठल्या ‘एंजल’ला पिच डेकही दाखवता येत नव्हता.

बरं, मूकपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गप्पगार अंधार आणि तुरुतुरु चालणारी माणसं. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. एक तर थिएटर गप्प नसायचंच. पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसायचे आणि समोर जे दिसेल त्याला साथ करायचे. लढाई आली की ठेका वाढला, देव प्रकटले की भजनी चाल. मधे मधे अक्षरांच्या पाट्या यायच्या. एकाच पाटीवर दोन-दोन, तीन-तीन भाषा असायच्या, पण वाचता येणारे किती? मग ज्याला वाचता येतं तो शेजारच्यांसाठी मोठ्यानं वाचणार. काही ठिकाणी तर गोष्ट सांगायला माणूसच ठेवलेला असायचा. म्हणजे लाइव्ह म्युझिक, लाइव्ह कॉमेंटरी आणि पब्लिकच्या शिट्ट्या. आता यातलं ‘मूक’ काय होतं, तुम्हीच सांगा.

आणि ती तुरुतुरु चाल? ती कलाकारांची चूक नाही. प्रोजेक्टर हातानं फिरवायचे. सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं जायची. पुढे बोलपट आले आणि चोवीसचा वेग ठरला. जुनी फिल्म नव्या यंत्रावर नव्या वेगानं पळवली की राजा हरिश्चंद्रसुद्धा बस पकडायला धावल्यासारखा दिसणार. तेव्हा थिएटरात बसलेल्याला तो व्यवस्थित राजासारखाच चालताना दिसत होता. अर्थात हँडल फिरवणाऱ्याला घरी जायची घाई नसेल तर.

एका रिळाची लांबी साधारण हजार फूट. ते पंधराएक मिनिटांत संपायचं. जिथे एकच प्रोजेक्टर, तिथे रीळ बदलेपर्यंत खेळ थांबायचा. माझ्या पणजीची याबद्दल एक आठवण आहे, जी मला आजीकडून ऐकायला मिळाली (आजीची ती सासूबाई, शुक्रवार पेठेत हयात गेलेली). ‘सासूबाई म्हणायच्या, राक्षस गदा उचलायचा आणि तेवढ्यात दिवे लागायचे. मग शेंगदाणे खायचे आणि वाट बघायची, गदा कधी खाली येते!’ इंटरव्हलला पॉपकॉर्न विकायची आयडिया मल्टिप्लेक्सवाल्यांची आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नोंदवून ठेवावं.

तर अशा या आर्यनमध्ये १९ सप्टेंबर १९१७ रोजी लागला दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’. मुंबईत नव्हे हं, आधी पुण्यात. आणि हा पिक्चर सॉलिड चालला. मुंबईला गिरगावच्या वेस्ट एंडमध्ये आला तेव्हा सकाळी सातपासून रात्री साडेबारापर्यंत तासातासाला खेळ करावे लागले, अशी नोंद आहे. मद्रासची कथा तर याहून भारी. तिथे तिकिटांची चिल्लर इतकी जमली की पोत्यात भरून बैलगाडीतून न्यावी लागली म्हणे. हनुमान उडतोय, लंका पेटलीय, पब्लिक बेभान. स्पेशल इफेक्ट्सवर पैसे वसूल करायची पद्धत अशी शंभर वर्षांहून जुनी आहे.

पण मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच माणसानं केल्या होत्या. अण्णा साळुंके. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामतीही तेच. फाळक्यांना ते ग्रँट रोडच्या एका खाणावळीत स्वयंपाकी म्हणून सापडले, कारण सिनेमात काम करायला बाईमाणूस मिळेना. तशी १९१३च्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, अशा मायलेकींनी कामं केली होती. (या कमलाबाई गोखले म्हणजे विक्रम गोखल्यांची आजी. पुणेकरांना असले धागे पटकन जोडून दिलेले आवडतात, म्हणून सांगितलं.) पण त्या अपवाद. सीतेसाठी पुन्हा साळुंकेच उभे राहिले. सीतेच्या पदराआडून दिसणारा तो भरदार दंड आजही अभ्यासकांच्या गप्पांत हमखास येतो. आणि मंडईतले प्रेक्षक त्याच सीतेला हात जोडत होते. आपण आज व्हीएफएक्स जरा कच्चे दिसले की तीन मिनिटांत मीम बनवतो. कोणाची करमणूक जास्त झाली असेल, सांगता येत नाही.

याच काळात सिनेमात लोकमान्य टिळकांची एन्ट्री होते. फाळक्यांचं यश बघून लिमिटेड कंपनी काढायचा एक प्रस्ताव आला आणि तो आणणाऱ्यांत टिळक, रतनजी टाटा आणि शेठ मनमोहनदास रामजी अशी नावं होती. ते काही जमलं नाही. फाळके दुसऱ्या भागीदारांबरोबर गेले आणि १९१८मध्ये नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. पण स्वराज्याच्या धामधुमीत टिळकांना देशी सिनेमाचं गणित मांडायला वेळ मिळाला, हे मला इंटरेस्टिंग वाटतं. स्वदेशी म्हणजे फक्त काडेपेटी आणि कापड नव्हे, करमणूकसुद्धा, हे त्यांना कळलं होतं.

आणि मग आर्यनच्या इतिहासातला तो दिवस. ७ फेब्रुवारी १९२०. पिक्चर ‘सैरंध्री’, दिग्दर्शक कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. हा माणूस म्हणजे एक प्रकरणच. मूळ आडनाव मेस्त्री. पडदे रंगवता रंगवता पेंटर झालेले. परदेशी कॅमेरा परवडेना, तर शिष्यांना हाताशी धरून कॅमेरा स्वतः घडवला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. (पैसा बाईनं घालायचा आणि नाव पेंटरचं व्हायचं, यावर एक स्वतंत्र कॉलम होईल. लिहीनच कधीतरी.) दामले, फत्तेलाल आणि पुढे शांताराम, हे सगळे त्याच शाळेतले विद्यार्थी. तीच मंडळी नंतर ‘प्रभात’ काढतात, १९३३ला पुण्यात येतात आणि त्यांच्या स्टुडिओच्या आवारात आज एफटीआयआय आहे. म्हणजे पुण्याच्या सगळ्या सिनेमाप्रेमाची वंशावळ काढली तर ती फिरून मंडईत येते.

‘सैरंध्री’ची गोष्ट महाभारतातली. अज्ञातवासातली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक आणि त्याचा निकाल लावणारा भीम. पण पुण्यात १९२० साली ही गोष्ट नुसती पुराणातली नव्हती. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटक १९०७मध्ये आलं होतं आणि त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं नव्हतं. सरकारलाही ते समजलं, म्हणून १९१०ला नाटकावर बंदी आली. आणि खाडिलकर कोण? ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. ‘सैरंध्री’ त्याच नाटकावर बेतलेला. आता कल्पना करा. बंदी घातलेलं नाटक, दहा वर्षांनी, एकही शब्द न बोलता, पडद्यावर! शब्दच नाहीत तर आक्षेपार्ह वाक्य कुठलं काढणार? आणि यात स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली होती.

कीचकाचा वध पडद्यावर इतका खराखुरा दिसला की पब्लिक हादरलं. पुढे सेन्सॉरनं तो प्रसंगच कापायला लावला. आणि टिळकांनी बाबूरावांना पदवी दिली, ‘सिनेमा केसरी’. शिवाय सुवर्णपदक. फेब्रुवारी १९२०ची ही गोष्ट, १ ऑगस्टला टिळक गेले.

त्यांचा पुतळा मंडईत बसला १९२४ साली, अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. तो आजही आहे. गाडी लावून तुळशीबागेकडे सुटताना आपण त्याच्या अंगावरून जातो. हेल्मेट हातात, पिशवी खांद्यावर, डोकं मोबाइलमध्ये.

आर्यनची पुढची गोष्ट पटकन सांगते, कारण ती बऱ्याच थिएटरांची आहे. १९२२मध्ये, सिनेमावर रुसून काशीला जाऊन बसलेल्या फाळक्यांनी ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहून आणलं. त्याचा प्रयोग मुंबईला बालीवाला थिएटरमध्ये झाला तसा पुण्यात आर्यनमध्येही. ज्या पडद्यावर हनुमान उडाला, त्याच जागी फाळके नाटकवाले होऊन आले! मग १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ लागला, पुढच्या वर्षी मराठीत ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पेटी-तबलावाल्यांचं काम संपलं. हा धक्का किती मोठा असेल! पंधरा-वीस वर्षांचा धंदा एका नव्या मशीनमुळे गेला. (एआयमुळे आपली नोकरी जाणार का, यावर जागरणं करणाऱ्या माझ्या कॉपीरायटर मित्रांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. मी फ्रीलान्सर आहे, मला जायला नोकरीच नाही.) आर्यन मात्र बोलायला शिकलं, पन्नास-साठ वर्षं बोलत राहिलं आणि ऐंशीच्या दशकात पडलं.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं मी तुम्हाला आत्ता का सांगतेय?

कारण आमचा वाडा पडतोय. शुक्रवार पेठेतला, मंडईपासून चालत पाच मिनिटांवर. वाडा म्हणजे काय, चार बिऱ्हाडं, एक चौक, कायम ओला असलेला नळकोंडाळा आणि गेल्या दोन पावसाळ्यांपासून टेकू लावलेली मागची भिंत. रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर पुढच्या महिन्यात सह्या आहेत. तळमजला आणि पहिला मजला पार्किंग, वर फ्लॅट. मी प्लॅन बघितला. जिथे आजीचं देवघर आहे, तिथे बरोब्बर पार्किंग नंबर सात येतंय.

बाबा आणि काका खूश. मी नाही. मी तावातावानं आर्यनचं उदाहरण दिलं. म्हटलं, बघा, पुण्याचं पहिलं थिएटर पाडलं आणि काय मिळवलं? पार्किंग! टिळक जिथे सिनेमाचं कौतुक करतात, तिथे आता अ‍ॅक्टिव्हा उभ्या असतात. काका शांतपणे म्हणाला, ‘तुझी पण तिथेच असते की.’

मग मी आजीकडे मोर्चा वळवला. म्हटलं ही तरी माझ्या बाजूनं असेल. हिनं आर्यन पाहिलंय. ही लग्न होऊन या वाड्यात आली १९६०च्या सुमारास आणि आर्यनला लागलेले पिक्चर बघायला जावांच्या टोळक्यात जायची. दुपारचा शो, कारण संध्याकाळी स्वयंपाक.

‘आजी, तुला वाईट नाही वाटलं आर्यन पाडलं तेव्हा?’

‘कशाला वाटायचं? जुनं झालं होतं ते.’

‘अगं, पण इतिहास!’

‘इतिहास बिस्तिहास तू बघ. आम्ही पिक्चर बघायला जायचो. आणि तुला सांगते, त्या काळात कुठल्याही थिएटरला जा, ढेकूण असायचेच. घरी आलं की लुगडं आधी अंगणात झटकायचं, मग आत यायचं.’

‘आणि वाडा?’

‘मला लिफ्ट पाहिजे,’ आजी म्हणाली. ‘पंचाऐंशी वर्षांची झाले. जिना उतरता येत नाही म्हणून गेल्या चैत्रापासून मी मंडईत गेलेली नाही. हाकेच्या अंतरावर आहे मंडई. तुझा वाडा टिकायचा म्हणून मी वर कोंडून बसू का?’

यावर काय बोलणार?

तरी मी अडून बसलेय, पण आता वेगळ्या गोष्टीसाठी. इमारत पडते, ठीक आहे. मूकपटांचं तर इमारतीहून वाईट झालं. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यातले पूर्ण स्वरूपात उरलेले बोटांवर मोजावेत इतकेच. ‘सैरंध्री’ गेला. ज्यासाठी टिळकांनी पदक दिलं, तो कीचकवध आता कोणालाच दिसणार नाही, सेन्सॉर केलेला नाही आणि न केलेलाही नाही. ‘लंकादहन’चा एक तुकडा शिल्लक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग आपण बघतो तो १९१३चा नव्हे, फाळक्यांनी १९१७च्या सुमारास पुन्हा काढलेल्या आवृत्तीचा आहे, असं जाणकार सांगतात.

कुठे गेल्या सगळ्या फिल्मी? त्या नायट्रेटच्या असायच्या. हे प्रकरण भयंकर ज्वालाग्राही, नीट ठेवलं नाही तर आपोआप कुजणारं, आणि पेटलं की पाण्यानंही विझत नाही. २००३च्या जानेवारीत इथे पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फिल्मींना आग लागली आणि जुन्या सिनेमांची शेकडो रिळं गेली. पण आगीपेक्षा जास्त नुकसान केलं ते चांदीनं. जुन्या फिल्मवर चांदीचा अंश असतो. सिनेमा उतरला, त्याची किंमत संपली, की रिळं भंगारात द्यायची. तिथे ती धुऊन चांदी काढायची आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या करायच्या. खरंच! शंभर वर्षांपूर्वी कोणाची तरी सीता कोणाच्या तरी हातात बांगडी होऊन किणकिणली असेल. आणि विकणाऱ्याला दोष तरी कसा देणार? त्याच्या दृष्टीनं ती अडगळ होती, घरात आग लावू शकणारी. पडक्या वाड्याला टेकू लावून बसलेल्या माझ्या बाबांना हा हिशेब झटकन कळला.

जे वाचलं ते काही वेड्या लोकांमुळे. १९६४ला नॅशनल फिल्म अर्काइव्ह पुण्यात सुरू झालं आणि पी. के. नायर नावाचा माणूस आयुष्यभर रिळांच्या मागे देशभर फिरला. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात, जिथे मिळेल तिथून उचलून आणली. फाळक्यांच्या उरल्यासुरल्या फिल्मी त्यांनी जमवल्या म्हणून आपल्याला दिसतात. लॉ कॉलेज रोडवरचं ते अर्काइव्ह आर्यनच्या वाहनतळापासून गाडीनं वीस मिनिटांवर आहे. ट्रॅफिक नसेल तर. म्हणजे चाळीस धरा.

तर माझी मागणी साधी आहे. वाडा पाडा, पण आधी मला पोटमाळा बघू द्या. आमच्या घरात काहीही फेकायची पद्धत नव्हती आणि पणजी मंडईच्या कुशीत वाढलेली. थिएटरवाले तेव्हा रंगीत कागदावर पिक्चरची जाहिरात छापून वाटायचे, टांग्यातून बँड वाजवत. तसा एखादा कागद कुठल्या डब्याच्या तळाशी अंथरलेला असेल. तिकिटाचा अर्धुक पोथीत खूण म्हणून राहिला असेल. असू शकतो ना? बिल्डरनं दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. काका म्हणतो, तेवढ्यात तुझं काय ते उपस.

आणि हे फक्त आमच्याच घरात असेल असं नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे वाडे आणि चाळी याच रांगेत उभ्या आहेत. सदाशिव, नारायण, कसबा, सगळीकडे सह्या चालू आहेत. पॅकर्स-मूव्हर्सना बोलवायच्या आधी एकदा आजी-आजोबांबरोबर माळ्यावर जा. आर्यन, मिनर्व्हा किंवा दुसऱ्या कुठल्याही गेलेल्या थिएटरचं तिकीट, हँडबिल, फोटो, काहीही सापडलं तर फोटो काढून या पानाच्या पत्त्यावर मेल करा. मूळ कागद हातचा सोडू नका आणि प्लीज लॅमिनेट करू नका, त्यानं जुना कागद कायमचा खराब होतो. रिळाचा डबा सापडला तर मात्र उघडून हुंगत बसू नका. आंबूस वास येत असेल तर तो सावलीत, गारव्याला, गॅसपासून लांब ठेवा आणि सरळ अर्काइव्हला फोन करा.

माझ्या तीन ट्रंका आहेत. पहिली रविवारी उघडली. त्यात रेशनकार्डं, तांब्याचा बंब पुसायचा ब्रश, काकाची सहावीची प्रगतिपुस्तकं (गणितात एकवीस, आता बोल म्हणावं) आणि एक अर्धवट विणलेला स्वेटर निघाला. दुसरीत नुसत्या दिवाळी अंकांच्या थप्प्या. तिसरी पणजीची आहे. तिला कुलूप आहे आणि किल्ली कुठे ठेवलीय ते आजीला आठवत नाहीये. मंडईतला किल्लीवाला बुधवारी येतो म्हणालाय.